सेकंडहँड स्पोर्टी गाडी कशी निवडायची: माझ्या वहीतला हिशेब

समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. पहाटे पावणेसहाला तिथे दूधवाले आणि फिरायला निघालेली मंडळी सोडली तर कुणी नसतं. दुसरा गिअर, तिसरा, वळण दिसलं की पुन्हा दुसरा. खाली साताऱ्याचे दिवे अजून चालू असतात. वेग साठच्या वर जात नाही, जायची गरजही पडत नाही. पाऊण-एक तासाने मी घरी येते, आंघोळ करते आणि नऊला राजवाड्याजवळचं आमचं औषधांचं दुकान उघडते. आठवड्यातल्या अशा दोन सकाळींसाठी मी २०२१ च्या अखेरीस जुनी फियाट पुंटो अबार्थ घेतली. २०१६ चं मॉडेल, ५२ हजार किलोमीटर चाललेली, साडेपाच लाखांना.

तेव्हापासून एक प्रश्न मला काउंटरवरसुद्धा विचारला जातो: 'ताई, ती गाडी परवडते का?' परवडते, पण त्याला एकच कारण आहे. खर्च किती येणार हे मी गाडी घ्यायच्या आधी मोजलं होतं. जुन्या स्पोर्टी गाडीवरचा बराचसा खर्च ती निवडायच्या दिवशीच ठरून जातो, नंतर काटकसर करून तो फारसा कमी होत नाही. म्हणून निवडायचं कसं, ते सगळं सविस्तर लिहिते.

आधी रस्ता ठरवा, मग गाडी

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मेढामार्गे महाबळेश्वरची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. गाडी चांगली कुठली, असं विचारलं की अण्णा उलट विचारायचे, 'कुठल्या रस्त्याला?' मीही तिथूनच सुरुवात करायला सांगते. तुम्ही ही गाडी कुठे चालवणार? साताऱ्यात राहणाऱ्याला यवतेश्वर, सज्जनगड, वाईच्या पुढचा पसरणी घाट, केळघर असे एकाहून एक रस्ते आहेत, पण हे सगळे चाळीस ते साठच्या वेगाचे रस्ते. जिची मजा शंभरच्या पुढे सुरू होते, ती गाडी इथे नुसतीच पेट्रोल पीत बसेल. हायवेला म्हणाल तर ट्रक आणि कंटेनर असतात, आणि ऊसतोडीच्या हंगामात आतल्या रस्त्यांना मागे दिवा नसलेल्या डबल ट्रॉल्या. नोव्हेंबर ते मार्च अंधार पडल्यावर मी ही गाडी बाहेर काढतच नाही.

तेव्हा हॉर्सपॉवरच्या आकड्यावर भाळू नका. हलकी गाडी, हाताला रस्ता सांगणारं स्टिअरिंग, भरवशाचे ब्रेक आणि तिसऱ्या गिअरमध्ये चढावर दमदार ओढ, एवढं असेल तर घाटात आनंद मिळतो. छप्पर उघडणारी, दोन दारांची असेल तरच ती स्पोर्ट्स कार, असं मी मानत नाही. माझ्या गाडीला पाच दारं आहेत आणि डिकीत औषधांचे चार खोकेही मावतात.

घरात रोजच्या कामाला दुसरी गाडी मात्र हवी. आमच्याकडे सीएनजीवरची वॅगन आर आहे. ज्याच्याकडे एकच गाडी, त्याने पार्टसाठी आठ-आठ दिवस थांबावं लागेल अशी जुनी गाडी घेऊ नये. गाडी गॅरेजात आणि घरातली माणसं रिक्षाच्या शोधात, असं महिन्यातून दोनदा झालं की गाडीवरचं प्रेम आटतं.

गाडी स्वस्त होते, पार्ट होत नाहीत

जुनी मर्सिडीज एसएलके किंवा बीएमडब्ल्यू झेड४ बारा-पंधरा लाखांत मिळतेय असं दिसलं की मन हलतं, ते मी समजू शकते. पण पन्नास-साठ लाखांची गाडी तुम्हाला पंधरा लाखांत मिळाली तरी तिचे ब्रेक डिस्क, सस्पेन्शन आणि हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचेच असतात. त्यात अठरा इंची चाकं आणि पातळ टायर. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर एक खड्डा चुकला की टायर आणि अलॉय दोन्ही एकदम जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. म्हणून नवी असताना ज्या गाडीची किंमत आपल्या आवाक्याच्या फार बाहेर नव्हती, तीच जुनी घ्यावी, असा माझा नियम आहे.

पहिल्या वर्षात मी काय काय भरलं, ते वहीतून जसंच्या तसं देते. चार टायर ३०,४००. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मजुरीसह १७,५००. पुढचे लोअर आर्म आणि लिंक रॉड १३,२००. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल ९,८००. बॅटरी ६,२००. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग ८,९००. विमा १७,६००. एकूण १,०३,६०० रुपये. म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि यात पेट्रोल धरलेलं नाही. माझी गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालते आणि घाटात लिटरला दहा-साडेदहा देते, तेव्हा पेट्रोलचे पन्नास हजार वेगळे. दुसऱ्या वर्षी पेट्रोल सोडून खर्च ४१ हजारांवर आला, कारण मोठी कामं पहिल्याच वर्षी उरकली होती.

यावरून सांगते, तुमच्याकडे सात लाख असतील तर साडेपाच-पावणेसहाची गाडी बघा आणि उरलेले बँकेत राहू द्या. सगळे सात लाख गाडीत घातलेत तर पहिल्या वर्षी टायर बदलणं पुढे ढकलाल, बेल्टही पुढे ढकलाल, आणि टायमिंग बेल्ट हा ढकलायचा पार्ट नव्हे. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. अठरा हजार वाचवायला गेलेल्याचा लाख जातो. मागच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा.

विम्यातली एक गोष्ट फार कमी लोक विचारात घेतात. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे माझ्या १.४ लिटरच्या टर्बो गाडीला जे पडतं त्याच्या दुपटीहून जास्त १.६ किंवा १.८ च्या गाडीला, तेही दर वर्षी. आणि मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, तो त्या माणसाचा असतो. 'विमा स्वस्तात बसतो' असं विकणारा सांगतो, तेव्हा तो त्याचा हप्ता सांगत असतो.

कुठल्या गाड्या बघाव्यात

निर्धास्त राहायचं असेल तर फोक्सवॅगनची पोलो. चाकणला २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं ती तयार झाली, त्यामुळे पार्ट मुबलक आहेत आणि पुण्या-कोल्हापुरातच काय, साताऱ्यातही तिचं काम जाणणारे हात आहेत. २०२० नंतरची १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), ११० पीएसची (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), मॅन्युअल गिअरची मिळाली तर मी डोळे झाकून तिच्या बाजूने कौल देईन. त्याआधीची जीटी टीएसआय, १.२ लिटर, १०५ पीएस, चालवायला सुरेख. पण तिच्यातला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कोरड्या क्लचचा आहे. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलायचं काम सांभाळणारा भाग, गेलं की खर्च लाखाच्या वर जातो. गाडी घेताना ते युनिट बदललंय का, कधी, बिल कुठे, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तो लाख किमतीतून वजा करून बोली लावा.

सर्व्हिस सेंटर गल्लीच्या टोकाला हवं असेल, तर २०१७ ला आलेली मारुतीची बलेनो आरएस. एक लिटरचं टर्बो इंजिन, १०२ पीएस, चारही चाकांना डिस्क. फार विकली गेली नाही, म्हणून शोधावी लागते. थर्ड पार्टी विमाही सगळ्यांत खालच्या दराचा.

होंडा सिव्हिक, २००६ च्या पिढीतली, १.८ लिटर आणि १३२ पीएस. इंजिन वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही आणि गिअर लोण्यासारखे पडतात. फक्त ती फार खाली बसलेली आहे. चार माणसं बसली की आपल्याकडचे गावठाणातले स्पीडब्रेकर पोटाला घासतात. स्टिअरिंग रॅकचा खडखडाट ऐकून घ्या, आणि विम्याचा वरचा दर विसरू नका. जुन्या सिव्हिकचं आणि फियाटच्या पालिओ १.६ चंही पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपलेलं किंवा संपत आलेलं असतं. मग आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर आला. पालिओवर माझा फार जीव आहे. २००१ ला ती आली तेव्हा शंभर हॉर्सपॉवरची छोटी गाडी ही आपल्याकडे नवलाची गोष्ट होती. पण घरचा म्हणावा असा मिस्त्री असेल तरच तिच्या वाटेला जा.

राहिली माझी अबार्थ. १.४ टी-जेट, १४५ पीएस, पाच गिअर, चारही डिस्क, आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग, जे आता नव्या गाड्यांत जवळपास उरलेलंच नाही. वळणावर चाक किती पकड धरून आहे, ते तळहाताला कळतं. ती रांजणगावच्या कारखान्यात तयार झाली, पण २०१९ पासून फियाटच्या नावाच्या गाड्या इथे बनत नाहीत. सर्व्हिसचे पार्ट मिळतात, कारण हेच इंजिन फियाटच्याच लिनिया टी-जेट सेडानमध्येही होतं. बंपर, दिवे, अबार्थचे खास तुकडे मात्र शोधत बसावे लागतात. म्हणून घेताना बॉडी चोख असलेलीच घ्या. इंजिनाचं काम करता येतं, पण फुटलेल्या बंपरसाठी तीन महिने वाट बघायची तयारी ठेवावी लागते.

गाडी बघायला जाल तेव्हा

फोटो बघून टोकन देऊ नका. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल असा तो व्यवहार होतो.

अबार्थ घेण्याआधी मी सांगलीला एक चंदेरी सेडान बघायला गेले होते. विश्रामबागेत, दिवाळीच्या आधी. किंमत बाजारापेक्षा लाखभर कमी, पॉलिश आरशासारखं. सोबत आमचे मिस्त्रीकाका होते. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि हळूहळू ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. रोज वापरात येणारा भाग काळाभोर आणि स्वच्छ होता. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली तशी माझ्या बोटांना खरखर लागली. विणीत मातकट पिवळी रेघ होती, एकसारखी आडवी, वाळलेली. काकांनी नखाने खरवडलं तर माझ्या पांढऱ्या ओढणीवर पिठीसारखा गाळ पडला. मग त्यांनी सीटखाली हात घालून बोल्ट चाचपले आणि गंजाने लाल झालेली बोटं मला दाखवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं, ते या गाडीतही शिरून गेलं होतं. मालकाचा चेहरा पडला. त्यांनीही ती कुणाकडून तरी चार महिन्यांपूर्वीच घेतली होती आणि त्यांना खरोखर माहीत नव्हतं. बुडालेल्या गाडीची वायरिंग आणि कंट्रोल युनिट लगेच मरत नाहीत, कनेक्टर आतून हिरवे पडत जातात आणि वर्ष-दीड वर्षाने डॅशबोर्डवर बिघाडाचा एकेक दिवा लागायला लागतो. आपल्या भागात गाडी घेणाऱ्याने पाचही सीटबेल्ट पूर्ण ओढून बघितल्याशिवाय पुढचं बोलूच नये.

दुकानात स्ट्रिपवरची एक्स्पायरी बघितल्याशिवाय मी गोळी देत नाही. गाडीवरही तारखा असतात, त्या वाचा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या घाटात ते धरत नाही. काचांवरही वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल, तर ती का बदलली ते विचारा.

इंजिन थंड असताना सुरू झालेलं ऐकायचं. पुण्यात ही अबार्थ बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम लागलं. 'आत्ताच धुवायला बाहेर काढली होती,' असं मालक म्हणाले. मी चहा घेतला आणि परत आले. पुढच्या रविवारी सकाळी सातला पुन्हा गेले, आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन एका चावीत सुरू झालं, पहिले काही सेकंद टकटक आली आणि विरली. मागून धूर नाही. निळा धूर आला असता तर इंजिन ऑइल जाळतंय, टर्बोचे किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत राहिला तर हेड गास्केटची शंका धरा. ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून ताकासारखा फेस चिकटलेला असेल तर तिथूनच नमस्कार करा.

त्यानंतर घाट. पुण्यात असाल तर जुना कात्रज, साताऱ्यात यवतेश्वर. सपाट रस्त्यावरच्या चक्करीला मी ट्रायल म्हणत नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसला असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आरपीएमचा झपकन वर गेला आणि गाडीने वेग धरला नाही, तर क्लच घसरतोय. टर्बोची बारीक शीळ चालते, ॲम्ब्युलन्ससारखा चढत जाणारा आवाज चालत नाही. वर पोहोचल्यावर गाडी पाच मिनिटं तशीच चालू ठेवा आणि तापमानाचा काटा बघा, पंखा लागतो का ऐका. उतरताना अण्णांचा नियम: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. मोकळ्या सरळ पट्ट्यात मागे कुणी नाही हे बघून तीन-चारदा ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात, गाडी एका अंगाला ओढली तर कॅलिपर अडकतोय.

एक्झॉस्ट बदललेला, रिमॅप केलेली (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), स्प्रिंगा कापलेली गाडी मी घेत नाही. आधीच्या मालकाने ती कशी वापरली, याचा वेगळा पुरावा लागत नाही.

कागदपत्रं थोडक्यात

सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, ते बघा. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर बँकेच्या एनओसीबरोबर फॉर्म ३५. विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी बसवलीय का, तेही बघा. पुण्याची एमएच १२ ची गाडी साताऱ्याच्या एमएच ११ च्या पत्त्यावर आणणं सोपं. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण ती महाराष्ट्रात आणताना फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि फेऱ्या धरल्या तर ती स्वस्ताई शिल्लक राहत नाही.

घरी आणल्यावर

खंबाटकी चढून मी संध्याकाळी गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी थेट मिस्त्रीकाकांकडे एमआयडीसीत नेली. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळं पहिल्याच आठवड्यात बदला, मालक कितीही चांगला असला तरी. बेल्ट त्याच महिन्यात. टर्बो गाडीचं ऑइल मी साडेसात हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलते. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करत नाही. मिनिटभर तसंच चालू ठेवते, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल फिरून थंड होतं, आत जळून बसत नाही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घसरतं. शिवाय ते पाणी शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. मी इंधनाच्या नळ्या बदलून घेतल्या, आणि पावसाळ्यात गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवत नाही. त्याच दिवसांत उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी बॉनेट उघडून बघायचं.

आणि एक साधी शंभर पानी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. माझ्या वहीची बत्तीस पानं भरलीत. पुढचा बेल्ट कधी, ते पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलं आहे.